माणकातील क्रोमियमचा शोध : वर्णपटाची पार्श्वभूमी

नाशिकच्या सराफ बाजारात माणिक सूर्याचे आणि नीलम शनीचे रत्न म्हणून मागितले जाते; रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्ही कुरुविंदच, म्हणजे स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइड आहेत. शुद्ध कुरुविंद रंगहीन असतो. ॲल्युमिनियमच्या थोड्या जागा क्रोमियमने घेतल्या की तो लाल होतो आणि लोह व टायटॅनियम शेजारी-शेजारी बसले की निळा होतो. आज दोन वाक्यांत सांगता येणारी ही गोष्ट उलगडण्यास जवळजवळ शंभर वर्षे गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एडमाँ बेकरेल यांनी माणकाच्या लाल दीप्तीचा (प्रकाश पडल्यावर माणिक स्वतः देते त्या उजेडाचा) वर्णपट, म्हणजे त्यातील रंगांची विभागणी, पाहिला आणि ती दीप्ती ॲल्युमिनाचीच (ॲल्युमिनियम ऑक्साइडचीच) आहे असे मानले. 1880च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लकॉक द बुआबोद्राँ यांनी हे मत खोडून काढले : क्रोमियम नसलेला ॲल्युमिना तसा उजळत नाही. त्या काळच्या रासायनिक पृथक्करणाला सहज न सापडणारी मिसळ (परक्या मूलद्रव्याचा अंश) प्रकाशाने दाखवून दिली, आणि माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात इथेच झाली. पुढे 1902 मध्ये ओग्युस्त व्हर्न्यूय यांनी ज्योतीत भुकटी वितळवून माणिक घडवण्याची रीत जाहीर केली, तेव्हा क्रोमियमचे प्रमाण ठरवणे माणसाच्या हाती आले. (अशा खड्यातील वाढीच्या वक्र रेषा भिंगातून ओळखता येतात, क्रोमियमचा वर्णपट मात्र खाणीतल्या आणि भट्टीतल्या माणकात सारखाच दिसतो.)

रंग का येतो, याचे उत्तर 1929 मध्ये हान्स बेटे यांनी मांडलेल्या स्फटिक-क्षेत्राच्या सिद्धांतातून, म्हणजे शेजारच्या अणूंचा आयनाच्या (विद्युतभारित अणूच्या) ऊर्जापातळ्यांवर होणारा परिणाम सांगणाऱ्या सिद्धांतातून, मिळू लागले. क्रोमियमचा आयन ॲल्युमिनियमच्या आयनापेक्षा मोठा असल्याने सहा ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात तो दाटीने बसतो, त्याच्या ऊर्जापातळ्या दूर सरतात, आणि हिरवा व जांभळा प्रकाश शोषला जाऊन लाल उरतो. पाचूत हेच क्रोमियम किंचित सैल जागेत बसते, म्हणून पाचू हिरवा दिसतो. तानाबे आणि सुगानो यांनी 1954 मध्ये या पातळ्यांचे आलेख काढले. झाव्होइस्की यांनी 1944 मध्ये कझान येथे शोधलेल्या इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्समुळे (चुंबकीय क्षेत्रात विजोड इलेक्ट्रॉन कोणत्या लहरी शोषतात ते मोजण्याच्या तंत्रामुळे) तर आयन नेमक्या कोणत्या जागी बसला आहे आणि ती जागा कितपत वाकडी आहे, हेही कळू लागले.

1959 मध्ये शॉलो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की क्रोमियम वाढवल्यावर माणकाच्या वर्णपटात उमटणाऱ्या जादा रेषा एकट्या आयनांच्या नसून जवळ आलेल्या जोड्यांच्या आहेत. माणकाची दीप्ती फार अकार्यक्षम आहे, म्हणजे लेसरसाठी माणिक उपयोगाचे नाही, असे तेव्हाचे एक मापन सांगत होते. थिओडोर मेमन यांनी ते स्वतः पुन्हा केले, ते चुकीचे ठरले, आणि 16 मे 1960 रोजी 694.3 नॅनोमीटरचा पहिला लेसर चालला.

पीटर मोल्टन यांच्या 1982 मधील टायटॅनियम-नीलम लेसरापुढेही मिसळीचाच प्रश्न होता. त्यात हवे असते त्रिसंयुजी (तीन इलेक्ट्रॉन गमावलेले) टायटॅनियम. त्याच्याजवळ टायटॅनियमचाच चतुःसंयुजी (चार इलेक्ट्रॉन गमावलेला) आयन बसला की ती जोडी लेसरचाच अवरक्त प्रकाश शोषून घेते. म्हणून स्फटिक ऑक्सिजन कमी असलेल्या वातावरणात तापवून पुन्हा वर्णपट घेतात आणि ते शोषण किती उतरले ते मोजतात.