बोलणारा टॅब आणि ‘बेंदूर’ हा शब्द

आषाढात सांगली जिल्ह्यातील गावोगावी बेंदूर हा बैलांचा सण होतो. बैलांची शिंगे रंगविली जातात, पाठीवर झुली चढतात, घरोघरी पुरणपोळी होते आणि मातीच्या बैलांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी शाळेत बाई विचारतात, “काल कोणी काय काय केले?” आणि वर्गात एकच कालवा उठतो. पलूस किंवा तासगाव तालुक्यातील अशा एखाद्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी बसली आहे, असे समजू. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरील ताबा कमी आहे. प्रश्न तिला पूर्ण समजला आहे, उत्तरही तयार आहे. परंतु श्वास, जीभ आणि ओठ यांचा मेळ बसत नसल्यामुळे तिच्या तोंडून निघणारे शब्द घरच्यांखेरीज कोणाला उमगत नाहीत. तिच्यासमोर एक टॅब आहे. चित्रावर बोट ठेवले की तो बोलतो. त्यावर सफरचंद आहे, पिझ्झा आहे, बर्फाचा माणूसदेखील आहे. बैल मात्र ‘प्राणी’ या पानावर बराच खाली आहे आणि ‘बेंदूर’ तर नाहीच. मुलगी ‘गाय’ दाबते, मग ‘खाणे’ दाबते. बाई मायेने म्हणतात, “गाय गवत खाते, होय ना? शाब्बास!”

न बोलणाऱ्या मुलांसाठी संवादसाधन मिळविण्याची आपल्याकडील चर्चा बहुधा किमतीपासून सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. किंमत हा प्रश्न खराच आहे. तरीही साधन हाती आल्यावर त्यात कोणते शब्द आहेत, ते दिवसभर मुलापाशी राहते की नाही आणि समोरचा माणूस उत्तरासाठी किती थांबतो, या गोष्टींवरच त्या साधनाचा वाणी म्हणून उपयोग होणार की खेळणे म्हणून, हे ठरते.

भाषा आणि बोलणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. शब्दाचा अर्थ जाणणे, वाक्य मनात जुळवणे हे एक काम. ते वाक्य उच्चारण्यासाठी छाती, स्वरयंत्र, टाळू, जीभ आणि ओठ यांच्या स्नायूंना योग्य क्रमाने आणि योग्य जोराने हलविणे हे दुसरे. सेरेब्रल पाल्सीमध्ये पुष्कळदा हे दुसरे काम बिघडते आणि पहिले बऱ्याच अंशी शाबूत असते. स्वमग्न मुलांमध्ये चित्र वेगळे असते, बौद्धिक दिव्यांगत्वात आणखी वेगळे. पण ‘बोलत नाही म्हणजे समजत नाही’ हा निष्कर्ष यांपैकी कोठेही आपोआप निघत नाही. उच्चारित वाणीला जोड देणारी किंवा तिची जागा घेणारी ही साधने पूरक व पर्यायी संवाद या नावाने ओळखली जातात. त्यांत हातवारे आणि चित्रांचा कागद येतो, तसाच डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा संगणकही येतो.

साधनाचे नाव काढले की घरातील वडीलधारी मंडळी एक शंका हमखास काढतात: “यंत्राची सवय लागली तर पोर बोलायचेच नाही. थोडे थांबू, तिचा मामाही उशिराच बोलला होता.” या शंकेचा शास्त्रीय पडताळा झालेला आहे. मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्यांचा पुरावा भक्कम होता अशा २७ व्यक्तींपैकी ८९ टक्क्यांच्या उच्चारित बोलण्यात वाढ झाली होती, उरलेल्यांत फरक पडला नव्हता आणि बोलणे घटले असे एकही उदाहरण नव्हते. वाढ बहुतांशी माफक होती हेही सांगितले पाहिजे. साधन मिळाले म्हणून मूल भराभर बोलू लागेल, असे कोणी मानू नये. मात्र वाट पाहण्यात वाया जाणारी वर्षे भाषा शिकण्याचीच असतात.

ज्या मुलाचे बोट नेमके चित्रावर जाते, त्याचा प्रश्न सोपा आहे. ज्याचा हात थरथरतो किंवा उचलत नाही, त्याच्यासाठी टॅबला जोडलेले एकच मोठे बटण पुरते. पडद्यावरील चौकटी एकामागून एक उजळत जातात आणि हवी ती चौकट उजळली की मूल हाताने, गुडघ्याने वा डोक्याने बटण दाबते. येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. सहा ओळी आणि सहा स्तंभ अशा ३६ चौकटी असतील आणि प्रत्येक चौकट एक सेकंद उजळत असेल, तर हव्या शब्दापर्यंत पोहोचायला सरासरी साडेअठरा सेकंद लागतात. आधी ओळी उजळवून ओळ निवडायची आणि मग त्या ओळीतील चौकटी उजळवायच्या, असे केले तर सरासरी साडेतीन अधिक साडेतीन, म्हणजे सात सेकंद लागतात. ‘मला पाणी हवे’ एवढ्या तीन शब्दांना तरीही एकवीस सेकंद झाले! म्हणूनच नेहमीचे शब्द वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवतात. तेथे दोन सेकंदांत पोहोचता येते.

हातपाय साथ देत नसतील, तर डोळे उरतात. नेत्रचालित साधनातून अदृश्य अवरक्त प्रकाश डोळ्यांवर पडतो; बुबुळावरून उमटणारी त्याची चकाकी आणि बाहुलीचा मध्य यांच्यातील अंतरावरून नजर पडद्यावर कोठे आहे ते कॅमेरा ठरवितो, आणि नजर एका चौकटीवर ठरावीक काळ स्थिरावली की शब्द उच्चारला जातो. रेट सिंड्रोम असलेल्या मुलींना, ज्यांचा हातांच्या हेतुपूर्वक हालचालींवरील ताबा जातो, याचा फार उपयोग होतो. किंमत लाखांत जाते, हे खरे. परंतु त्याच तत्त्वावरचे घरगुती साधनही आहे: पारदर्शक ॲक्रिलिकच्या तावाच्या चार कोपऱ्यांत चार चित्रे चिकटवायची, मधोमध खिडकी कापायची, ताव मुलाच्या आणि आपल्या चेहऱ्यांमध्ये धरायचा आणि मूल कोणत्या कोपऱ्याकडे पाहते ते आपण पलीकडून वाचायचे. मिरजेच्या बाजारात असा ताव सहज कापून मिळेल.

शब्द कोणते ठेवावेत, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीवरील अभ्यासांतून असे दिसते की, रोजच्या बोलण्यातील सुमारे ८० टक्के भाग दोनशे ते चारशे शब्दांनीच व्यापलेला असतो आणि त्यांत नामे थोडीच असतात. आपल्या चित्रतक्त्यांवर मात्र फळे, भाज्या आणि वाहने यांचीच गर्दी असते. मुलाने दिवसभर ‘केळे’, ‘बस’, ‘गाजर’ म्हणावे अशी कोणाची अपेक्षा आहे? त्याला ‘अजून’, ‘थांब’, ‘मी’, ‘तू’, ‘चल’, ‘का’, ‘पुन्हा’, ‘झाले’ म्हणायचे असते. मराठीला येथे एक नैसर्गिक लाभ आहे: ‘हवे’ आणि ‘नको’. ‘नको’ या एका शब्दात नकार पूर्ण होतो, क्रियापद लागत नाही; चित्रफलकावर ही जोडी सर्वांत आधी यावी.

दुसऱ्या बाजूने मराठी त्रासही देते. इंग्रजीसाठी आखलेल्या रचनेत तीन बटणे ओळीने दाबली की वाक्य होते. मराठीत ‘भाऊ’चे ‘भावाला’ होते, ‘घर’चे ‘घरी’ आणि ‘घरात’ होते, मुलगा ‘जातो’ म्हणतो आणि मुलगी ‘जाते’. मुलीच्या हाती ‘मी जातो’ म्हणणारे साधन दिले, तर वर्ग हसतो आणि ती दुसऱ्यांदा ते बटण दाबत नाही. उच्चारांचीही अडचण आहे. ‘चहा’तील च आणि ‘चमचा’तील च निराळे; ‘सारे जग’ आणि ‘पाण्याचा जग’ यांतील ज निराळे; लिपीत फरक नसल्यामुळे संगणकाचा आवाज कधीकधी घोटाळा करतो. यावर साधा उपाय असा की, अडणाऱ्या शब्दांसाठी माणसाचा आवाज ध्वनिमुद्रित करावा, आणि तो आईचा नव्हे, त्याच वयाच्या मुलीचा. आठ वर्षांच्या मुलीने बाईमाणसाच्या आवाजात बोलावे, याची तिला स्वतःलाच लाज वाटू शकते.

नित्याच्या शब्दांभोवती मग घराचे शब्द येतात: बेंदूर, भडंग, रान, उसाची मोळी, चुलतभावांची नावे, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे नाव. एकदा ठरलेली शब्दाची जागा मात्र हलवू नये. आपली बोटे मोबाइलवरील अक्षरे न पाहता शोधतात, तशीच मुलाची बोटे जागा लक्षात ठेवतात. दर आठवड्याला फलक ‘सुधारणारा’ उत्साही पालक नकळत मुलाची पाटी पुसत असतो.

मराठीत चालणारी ॲप आता आहेत. आयआयटी मुंबईच्या अभिकल्प विभागात तयार झालेले ‘जेलो’ विनामूल्य आहे आणि त्यात मराठी आहे. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी विकसित केलेले ‘आवाज’ हे आरंभी स्वतंत्र यंत्र होते. पुढे ते टॅबवरील ॲप झाले. साधा अँड्रॉइड टॅबही पुष्कळ मुलांना पुरतो. तो निवडण्यापूर्वी मुलाची श्रवणतपासणी आणि वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाकडून मूल्यमापन व्हावे. हे तज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का, ते पाहावे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, त्यांच्यामार्फत जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जाता येते.

कायद्याचा आधार भक्कम आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने संवादाच्या व्याख्येतच पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश केला आहे, आणि कलम १७ अन्वये ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके व योग्य सहायक साधने विनामूल्य पुरविण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. शाळेच्या वाटेने समग्र शिक्षा योजना आहे. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक हा तिचा आपल्याला भेटणारा चेहरा. दिव्यांगांना सहायक साधने देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून आहे आणि तिची साधने मुख्यतः कानपूरच्या अलिम्को या संस्थेमार्फत शिबिरांतून मिळतात. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, हा मार्ग गावातल्या लोकांना ठाऊक असतो. त्यातून संवादसाधन मागता येईल हे मात्र सुचत नाही. अर्जात नुसते ‘टॅब मिळावा’ असे लिहू नये. चाकाची खुर्ची पाहताच पटते, टॅब पाहून करमणूक आठवते. म्हणून ‘वाचादोषामुळे संवादाचे सहायक साधन’ असे लिहून तज्ज्ञाचा अहवाल आणि दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राची (यूडीआयडी) प्रत जोडावी. अहवालात ॲपचे नाव, बटणाची गरज, खुर्चीला बसविण्याचा धारक या सर्वांचा उल्लेख असावा.

साधन आल्यानंतर दोन ठिकाणी ते हरवते, आणि दोन्ही ठिकाणी चांगल्या हेतूने. शाळेत ते मोडू नये म्हणून कपाटात कुलूपबंद होते आणि मंगळवार-शुक्रवारी अर्धा तास बाहेर निघते. घरी भावंडे त्यावर कार्टून पाहतात आणि सकाळी बॅटरी संपलेली असते. पहिल्यासाठी जाड रबरी आवरण आणि गळ्यात अडकवायचा पट्टा पुरतो, दुसऱ्यासाठी टॅब एकाच ॲपवर खिळवून ठेवण्याची अँड्रॉइडमधील सोय. दप्तरासारखे ते मुलाबरोबर घरून शाळेत आणि शाळेतून घरी गेले पाहिजे. घरचा फलक वेगळा आणि शाळेचा वेगळा असला, तर मुलाला दोनदा बोलायला शिकावे लागते.

शिक्षकाने आणि आईने स्वतः त्या फलकावर बोलले पाहिजे. “चल, आता जेवू” म्हणताना ‘चल’ आणि ‘जेवण’ यांवर आपले बोट गेले पाहिजे. तान्हे बाळ वर्षभर ऐकते, मग पहिला शब्द बोलते. चित्रांची भाषा कोणीच बोलून दाखविली नाही, तर मुलाने ती कोणाकडून उचलावी?

राहिला थांबण्याचा प्रश्न. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात असे आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. आपण वर काढलेले गणित आठवावे: बटण वापरणाऱ्या मुलीला एका शब्दाला सात सेकंद लागतात. बाईंनी प्रश्न आदल्या दिवशीच घरी कळविला, तर ‘बेंदूर’ हे बटण रात्रीत तयार होते, आणि सकाळी वीस सेकंदांची शांतता वर्गाला जड जात नाही.

विजेवर चालणाऱ्या साधनाबरोबर कागदी फलक ठेवावाच, आणि कृष्णाकाठी तर अधिकच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा अनेक कुटुंबे मिळेल त्या पिशवीनिशी घराबाहेर पडली. निवाऱ्यात अनोळखी माणसे, अंधार आणि चार्जिंग नाही. न बोलणाऱ्या मुलाला अशा वेळी सांगण्यासारखे सर्वाधिक असते. त्याच्या टॅबवरील मुख्य पान जसेच्या तसे, तीच चित्रे त्याच जागी ठेवून, रंगीत छापावे, लॅमिनेशन करावे आणि एक प्रत शिधापत्रिकेच्या पिशवीत कायमची टाकून ठेवावी. मागच्या बाजूला ‘दुखते’, ‘भीती वाटते’, ‘औषध’ आणि ‘आई कोठे आहे’ ही चित्रे मोठ्या आकारात असावीत.