'मेड इन जपान' आणि 'लाइव्ह इन जपान': डीप पर्पलच्या दोन अल्बमांमधला घोळ

१५ आणि १६ ऑगस्ट १९७२ला डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडने ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये वाजवलं आणि १७ला टोकियोच्या बुडोकानमध्ये. तिन्ही रात्री ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चने आठ ट्रॅकवर मुद्रित केल्या. याच टेपांमधून 'मेड इन जपान' निघाला आणि याच टेपांमधून 'लाइव्ह इन जपान'. नावं इतकी जवळची की मुंबईच्या मटण स्ट्रीटवरच्या जुन्या रेकॉर्डींच्या ढिगात असो किंवा फोनवर, शोधायचं एक आणि हाती दुसरंच येतं.

आपल्याकडे एकाच कवीची 'निवडक कविता' आणि 'समग्र कविता' अशी दोन पुस्तकं असतात. इथला फरक तसाच आहे.

'मेड इन जपान' हे निवडक. डिसेंबर १९७२मध्ये ब्रिटनमध्ये आलं. दोन एलपी, सात गाणी, साधारण ७६ मिनिटं. 'हायवे स्टार', 'चाइल्ड इन टाइम', 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आणि 'स्पेस ट्रकिन' ही चार १६ तारखेची. 'स्मोक ऑन द वॉटर' १५ तारखेचं. 'द म्यूल' आणि 'लेझी' टोकियोची. प्रत्येक गाणं एकाच रात्रीचं आहे, दोन रात्रींचे तुकडे जोडलेले नाहीत. नंतर स्टुडिओत वरून काही भरलं नाही, हे बँडने कायम सांगितलं आहे, आणि ऐकताना ते पटतं. मिक्सिंगला, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज तोलून एकत्र करायला, बँडमधून रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस बसले होते, म्हणजे बास आणि ड्रम्स वाजवणारे दोघे. या अल्बमचा पाया इतका घट्ट वाटतो त्यात त्यांच्या कानांचा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

'लाइव्ह इन जपान' हे समग्रच्या जवळ जाणारं. १९९३मध्ये तीन सीडींचा संच आला, एका रात्रीला साधारण एक सीडी, सगळं नव्याने मिक्स केलेलं. मुख्य कार्यक्रम जवळजवळ पूर्ण आहे, पण अगदी शंभर टक्के नाही. तिन्ही रात्री पूर्ण, शेवटच्या जादा गाण्यांसकट हव्या असतील तर 'मेड इन जपान'चा २०१४चा मोठा संच बघावा. 'मेड इन जपान'च्या १९९८च्या दोन सीडींच्या आवृत्तीलाही लोक चुकून 'पूर्ण मैफल' म्हणतात. तिच्या दुसऱ्या सीडीवर फक्त तीन जादा गाणी आहेत: 'ब्लॅक नाइट', 'स्पीड किंग' आणि 'लुसिल'.

खरी फसगत पुढे आहे. १९७२मध्ये जपानमध्ये जी मूळ दुहेरी एलपी निघाली, तिचंच नाव 'लाइव्ह इन जपान' होतं! कव्हर वेगळं, आत संगीत मात्र 'मेड इन जपान'चंच. त्यामुळे नुसतं नाव वाचून पैसे देऊ नयेत, तबकड्या मोजाव्यात. दोन एलपी आणि सात गाणी असतील तर ते निवडक, तीन सीडी असतील तर समग्र. बाहेरच्या देशांतल्या आवृत्तीचं कव्हर सोनेरी आहे आणि त्यावरचा फोटो लंडनमधला आहे, जपानमधला नव्हे.

आधी निवडकच ऐकावं. तीन सीडींपासून सुरुवात केली की स्टुडिओत साडेचार मिनिटांचं असलेलं 'स्पेस ट्रकिन' वीसेक मिनिटांचं होऊन पुन्हा पुन्हा समोर येतं, आणि नवा ऐकणारा थकतो. 'मेड इन जपान'वर ते एकदाच, चौथी बाजू पूर्ण व्यापून येतं आणि तिथे ते शोभतं. लोकलमध्ये ऐकायला मात्र हा अल्बम वाईट. 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात इतकी हळू आहे की गाडीच्या खडखडाटात ती ऐकू येत नाही, आवाज वाढवावा लागतो, आणि मग गायक इयन गिलनची किंकाळी थेट कानात घुसते. घरी, स्पीकरवर, रात्री ऐकावं.

सात गाणी तोंडपाठ झाली की समग्रकडे वळावं, पण सीडी सलग लावू नये. एकच गाणं घेऊन त्याच्या तिन्ही रात्री पाठोपाठ ऐकाव्यात. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' यासाठी सर्वोत्तम. गिटारवादक रिची ब्लॅकमोर गिटारवर एक फिरत टाकतो आणि गिलन ती गळ्यातून परत करतो. गायक आणि सारंगिया यांच्यातली सवालजवाबाची मजा ज्यांना कळते, त्यांना इथे काही समजावून सांगावं लागत नाही. 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवातही तपासावी: १५ तारखेला ब्लॅकमोर ती जगप्रसिद्ध रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून) आधी जरा वळवून वाजवतो.

तुलना करताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे दोन अल्बमांच्या आवाजातला फरक रात्रीचा समजणं. तो बहुतेक मिक्सिंगचा असतो, म्हणून रात्रींची तुलना एकाच संचात करावी. दुसरी, प्रत्येक गुरगुर गिटारची समजणं. जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून तोही फाटका, खरखरीत येतो. 'लेझी'ची सुरुवात ऑर्गनची आहे.

मुंबईकरांसाठी आणखी एक नाव: 'बॉम्बे कॉलिंग'. 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या अमेरिकन बँडची ही रचना, आणि 'चाइल्ड इन टाइम'ची मूळ सुरावट तिच्यावरूनच घेतलेली. १९९५मध्ये पर्पल मुंबईत वाजवून गेले, त्या मैफलीचं चित्रीकरणही 'बॉम्बे कॉलिंग' याच नावाने निघालं. त्यात गिटारवर स्टीव्ह मोर्स आहे, ब्लॅकमोर नाही.

जुनी एलपी घेताना दोन्ही तबकड्या एकाच आवृत्तीच्या आहेत ना, हे लेबलवरून बघावं. पावसाळ्यातल्या दमटपणाने कव्हरला बुरशी आलेली असेल तर आतली कागदी पिशवी बदलावी आणि रेकॉर्ड उभीच ठेवावी. ओरखडे शोधायचे ते पहिल्या बाजूच्या मध्यावर, जिथे 'चाइल्ड इन टाइम' सुरू होतं. बाकी ठिकाणी गोंगाटात चटचट लपते, तिथे लपत नाही.