मूळ चित्रपान (सुपरहीरो कॉमिक्स)

मूळ चित्रपान : अमेरिकी सुपरहीरो कॉमिक्सच्या छपाईसाठी चित्रकाराने जाड ब्रिस्टल कागदावर पेन्सिल आणि शाईने हाताने काढलेले पान. अंकाच्या प्रती लाखोंनी निघत. हे पान मात्र एकच. छापखान्याच्या लेखी तो मधला एक टप्पा होता. कॅमेऱ्याने निगेटिव्ह घेतली की पानाचे काम संपले. त्यामुळे १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’मध्ये सुपरमॅन अवतरल्यानंतरच्या पहिल्या काही दशकांतली असंख्य पाने फाडली गेली, कचऱ्यात गेली किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटून टाकली गेली. १९४०च्या दशकातली तर फारच थोडी उरली आहेत. बॅटमॅनचे चित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी त्या काळातच स्वतःची आणि सहकाऱ्यांची काही चित्रे घरी जपून ठेवली, म्हणून ती आज पाहायला मिळतात.

अंक रंगीत असला तरी मूळ पान काळे-पांढरे असते. रंगांची योजना वेगळ्या प्रतीवर केली जाई आणि छापताना स्वस्त कागदावर बारीक ठिपक्यांनी रंग भरले जात. या छपाईत नाजूक रेषा बुजत, काळा रंग करडा पडे. अंकावरून चित्रकाराची पारख करणे म्हणजे गवयाचे गाणे खरखरत्या रेडिओवर ऐकण्यासारखे आहे. आकारातही मोठा फरक. अंकाचे पान साधारण ७ बाय १० इंचांचे. पण १९६७ च्या सुमारापर्यंत चित्रकार सुमारे साडेबारा बाय साडेअठरा इंचांच्या चौकटीत काम करत. पुढे खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी ती १० बाय १५ इंचांवर आली. जुनी मोठी पाने पाहिली की तिथे हाताला किती मोकळीक होती हे लगेच जाणवते. कोपरापासून फिरलेली लांबलचक कमान लहान पानावर तशी उतरत नाही.

पान एका हातचे नसे. पेन्सिलर आराखडा आणि आकृत्या काढी, लेटरर संवादाच्या फुग्यांतली अक्षरे थेट त्याच पानावर लिही आणि मग इंकर टाक किंवा कुंचल्याने शाई चढवी. इंकर म्हणजे नुसता गिरवणारा, हा समज मूळ पाने पाहिल्यावर टिकत नाही. जॅक कर्बी यांच्या पेन्सिलकामावर १९६५ पासून ‘फँटॅस्टिक फोर’साठी शाई चढवणाऱ्या जो सिनॉट यांची रेषा घोटीव आहे, लोखंड, दगड, कातडी यांचा पोत ते वेगवेगळा करून दाखवतात. विन्स कोलेटा यांनी ‘थॉर’वर बारीक, केसासारख्या रेषा वापरल्या, पण मुदत गाठण्यासाठी कर्बींच्या काही आकृत्या आणि पार्श्वभूमी खोडूनही टाकल्या. पुढे माइक रॉयर यांनी पेन्सिलची रेष न् रेष इमानाने राखली. या तिघांची पाने शेजारी ठेवून पाहणे, हा कर्बी समजून घेण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे.

समासांमध्ये तर सारा इतिहासच लपलेला असतो. मार्व्हल कंपनीत १९६०च्या दशकात लेखक आधी पूर्ण संहिता देत नसे. कथेवर बोलणे झाले की चित्रकार पाने रचून आणी आणि संवाद नंतर भरले जात. त्यामुळे कर्बींच्या पानांच्या कडांवर कोणत्या चौकटीत काय घडते आहे, पात्र काय म्हणते आहे, अशा पेन्सिलीतल्या टिपा आढळतात. या कथा कोणाच्या, लेखक-संपादक स्टॅन ली यांच्या की कर्बींच्या, या वादात या टिपा साक्षीदार ठरल्या. चित्रकार अर्ध्याहून अधिक कथाकारही होता, ही गोष्ट अंकावरच्या श्रेयनामावलीतून कळत नाही, समासातून कळते.

स्टीव्ह डिट्को यांनी काढलेली ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकाची (ऑगस्ट १९६२) २४ पाने २००८ साली एका निनावी दात्याने वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला दिली. स्पायडरमॅनची पहिली कथा याच अंकातली. पांढऱ्या रंगाने झाकलेल्या दुरुस्त्या तिथे स्पष्ट दिसतात. एका समासात संपादकाची सूचना आहे : मोटार बंद टपाची दाखवा, हात बाहेर लोंबकळत नकोत, बेफाम गाडी हाकल्याचे भासू नये. १९५४ नंतर कॉमिक्सवर प्रकाशकांनीच घालून घेतलेल्या आचारसंहितेची करडी नजर होती. मुलांच्या हाती पडणाऱ्या एका चौकटीमागे किती सावधगिरी असे, हे त्या एका ओळीत दिसते.

डिट्कोंची खरी ताकद पानाच्या रचनेत आहे. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ३३व्या अंकात नायक अजस्र यंत्राखाली अडकला आहे, वरून पाणी गळते आहे. चौकटी सुरुवातीला दाटीवाटीच्या आहेत. तो जोर लावत जातो तशा त्या मोठ्या होत जातात आणि यंत्र उचलले जाते ते पूर्ण पानभर. वाचकाचा कोंडलेला श्वास चौकटीच्या आकाराबरोबर सुटतो. कर्बींचा पिंड वेगळा. त्यांच्या आकृत्या पानाबाहेर झेपावतात, मुठी वाचकाच्या तोंडावर येतात आणि वैश्विक ऊर्जा दाखवण्यासाठी ते काळ्या गोळ्यांचे पुंजके पेरतात. हे पुंजके रसिकांमध्ये ‘कर्बी क्रॅकल’ म्हणून ओळखले जातात. नील ॲडम्स यांनी जाहिरातीच्या चित्रकलेतली शरीररचना आणि प्रकाश आणला, तर जॉन रोमिटा यांनी चेहऱ्यांना देखणेपण दिले.

पान कोणाचे, हा प्रश्न १९७०च्या दशकात ऐरणीवर आला. ॲडम्स आणि इतरांचे म्हणणे असे, की प्रकाशकाने छपाईचा हक्क विकत घेतला, वस्तू नाही. त्या दशकाच्या मध्यापासून डीसी (सुपरमॅन, बॅटमॅनची प्रकाशक कंपनी) आणि मार्व्हल नवी पाने परत करू लागल्या; पेन्सिलरला जास्त, इंकरला कमी अशी वाटणी होई. जुन्या पानांचे घोंगडे मात्र भिजत राहिले. १९८४ मध्ये मार्व्हलने ती परत करायचे ठरवले, पण हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेऊन. इतरांना हा कागद एक पानी होता, कर्बींना चार पानी, आणि बदल्यात देऊ केलेली पाने फक्त ८८. ज्यांनी कॅप्टन अमेरिका, हल्क, थॉर, एक्स-मेन यांना रूप दिले, त्यांना स्वतःचीच चित्रे मागण्यासाठी वृद्धापकाळी झगडावे लागले, हा या क्षेत्रावरचा डाग आहे. चित्रकार आणि वाचकांनी सह्यांची मोहीम उभारली. अखेर १९८७ मध्ये कर्बींना सुमारे दोन हजार पाने मिळाली. त्यांनी मार्व्हलसाठी काढलेल्या पानांचा अंदाज दहा हजारांच्या वर जातो. उरलेल्यांतली कित्येक कंपनीच्या गोदामातून केव्हाच बाहेर गेली होती. कर्बी १९९४ मध्ये वारले.

बाजारभाव आज डोळे दिपवणारे आहेत. माइक झेक यांनी १९८४ साली ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकासाठी काढलेले, स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाची कथा सांगणारे एक पान जानेवारी २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरना विकले गेले. त्याहून मनाला भिडते ती हर्ब ट्रिम्प यांची गोष्ट. वुल्व्हरिन पहिल्यांदा दिसतो ते ‘हल्क’च्या १८०व्या अंकाचे शेवटचे पान त्यांनी १९८३ मध्ये एका मुलाला सहज देऊन टाकले होते. २०१४ मध्ये ते ६,५७,२५० डॉलरना गेले आणि त्यातला मोठा वाटा विक्रेत्याने गरजू कॉमिक कलावंतांना मदत करणाऱ्या ‘हीरो इनिशिएटिव्ह’ या संस्थेसाठी ठेवला.

लिलावाच्या वाटेला न जाताही मूळ कामाचा आस्वाद घेता येतो. २०१० पासून आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेने ‘आर्टिस्ट्स एडिशन’ ही मालिका काढली. काळ्या-पांढऱ्या पानांचे रंगीत स्कॅन मूळ आकारात छापायचे, ही तिची पद्धत. त्यामुळे न पुसलेली निळी पेन्सिल, पिवळट झालेला डिंक, वर चिकटवलेली चिठ्ठी, शाईचा कमी-जास्त दाटपणा असे सारे दिसते. ओहायो राज्य विद्यापीठातील बिली आयर्लंड व्यंगचित्र ग्रंथालयातही मोठा संग्रह आहे. पाने ऊन आणि दमट हवेपासून जपावी लागतात. मार्करने भरलेला काळा रंग काही वर्षांत तपकिरी होतो, कुंचल्याची अस्सल काळी शाई टिकते. चित्रकाराने नंतर हौसेने पुन्हा काढलेले मुखपृष्ठ ही वेगळी वस्तू. ते मूळ म्हणून खपवले जाऊ नये यासाठी छापील अंकाशी रेष न् रेष ताडून पाहतात.

मराठी वाचकांची या परंपरेशी ओळख १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून झाली. त्यातला वेताळ, म्हणजे १९३६ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत अवतरलेला फँटम, हा घट्ट पोशाख आणि मुखवटा घालणाऱ्या नायकांचा पूर्वज. बी. गोविंद यांची देखणी मुखपृष्ठे अनेकांच्या डोळ्यांसमोर आजही आहेत. राज कॉमिक्सच्या नागराज या भारतीय सुपरहीरोचे सुरुवातीचे अंक पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी चितारले.

१९९०च्या दशकाअखेरीस अमेरिकी अंकांची अक्षरे संगणकावर लिहिली जाऊ लागली आणि पानांवरून फुगे नाहीसे झाले. त्यानंतर अनेक चित्रकारांनी पेन्सिल आणि शाई वेगवेगळ्या कागदांवर केली, काहींनी थेट पडद्यावर. अशा अंकांना मूळ पानच नसते. आजही कागदावर काम करणारे बहुतेक चित्रकार १० बाय १५ इंचांच्या त्याच चौकटीभोवती समास सुटेल असा ११ बाय १७ इंचांचा कागद घेतात.