झडप दुरुस्त झाली, तरी फुप्फुसातला दाब का उतरत नाही?

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप अरुंद झाली की वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं. तो दाब मागे सरकत फुप्फुसांत आणि तिथल्या धमनीत पोचतो. भारतात लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर आलेल्या रुमॅटिक तापामुळे ऐन तिशीतल्या बायकांनाही हा आजार होतो. झडप बलूनने उघडली किंवा ऑपरेशन करून बदलली की बहुतेकांचा दाब बराच उतरतो. निरोगी माणसात फुप्फुसाच्या धमनीतला हा दाब सरासरी १४ मिमी पाऱ्याच्या आसपास असतो. काहींचा मात्र वर्ष उलटल्यावरही ३०च्या वर राहतो आणि जिना चढताना धाप लागतच राहते. वर्षानुवर्षं ताण सोसून धमन्यांच्या भिंती जाडावलेल्या असतात, हृदयाची डावी बाजूही ताठर झालेली असते.

मग धमन्या सैल करणारी सिल्डेनाफिलची गोळी द्यावी, असं कुणालाही वाटेल. फुप्फुसाच्या धमन्यांच्याच मूळ आजारात ती उपयोगी पडते. स्पेनमधल्या डॉक्टरांनी ही समजूत तपासून पाहिली. झडपेवर उपचार होऊन वर्ष उलटलेल्या, तरीही दाब चढलेल्या २०० रुग्णांपैकी काहींना सहा महिने सिल्डेनाफिल दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. २०१८ साली निकाल छापून आला. सिल्डेनाफिल घेणाऱ्या १०४ जणांपैकी ३३ जणांची तब्येत ढासळली. दुसऱ्या गटातल्या ९६ पैकी फक्त १४ जणांची. निष्फळ ठरलेल्या नव्हे, अपाय करणाऱ्या उपचाराचा हा पुरावा आहे, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

असं का व्हावं? धरणाचे दरवाजे न उघडता वरून पाणी सोडत राहावं, तसं काहीसं. धमन्या सैल झाल्या की ताठर डाव्या बाजूकडे जास्त रक्त येतं, तिथला दाब वाढतो आणि फुप्फुसांत पाणी साचू शकतं.

म्हणून आधी अडथळा कुठे आहे ते शोधावं लागतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून बसवलेली झडप गळते का, पुन्हा अरुंद झाली का, ते पाहतात. गरज पडली तर कॅथेटर (बारीक नळी) घालून डाव्या बाजूचा दाबही मोजतात. तो १५च्या वर असेल, तर भर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मीठ कमी करणं आणि अनियमित ठोके आटोक्यात ठेवणं यांवर असतो. डावीकडचा दाब नीट असूनही धमनीतला चढलेला असेल, तर आजार फुप्फुसांच्या धमन्यांतच मुरलेला असू शकतो; त्या मोजक्या रुग्णांसाठी सिल्डेनाफिलसारख्या औषधांचा विचार या आजाराचे तज्ज्ञ करतात.