स्वयंचलित हवामान केंद्र : उभारणी, अर्थिंग आणि वायरिंग

तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांची आपोआप मोजणी करून आकडे साठवणाऱ्या व दूरवर पाठवणाऱ्या यंत्रणेला स्वयंचलित हवामान केंद्र म्हणतात. लांबून दिसतो तो खांब, वाऱ्यावर फिरणाऱ्या वाट्या आणि सौर पॅनेल. आकडा खरा की खोटा हे ठरते जमिनीखालच्या अर्थिंगवर आणि पेटीतल्या जोडांवर. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई मंडळातल्या केंद्राच्या नोंदींवरून ठरते, म्हणून एका सैल तारेची किंमत डाळिंबाच्या बागायतदाराला मोजावी लागू शकते.

वाऱ्याचे उपकरण १० मीटर उंचीवर बसवतात आणि झाड किंवा इमारत तिच्या उंचीच्या निदान दहापट लांब असावी, असा संकेत आहे. तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, हवा खेळेल अशा पांढऱ्या आडोशात असतो. पर्जन्यमापक पाणसळ लावून बसवावा लागतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; पाया मुरमापर्यंत नेला नाही, तर वर्षभरात मापक कलतो आणि पाऊस चुकीचा मोजतो.

अर्थिंगची अडचणही याच मातीत आहे. ओली काळी माती वीज चांगली वाहून नेते, पण सुकली की अर्थिंगसाठी जमिनीत ठोकलेल्या सळईपासून सुटते. खाली लागणारा बेसाल्ट तर फारच वाईट वाहक. एका सळईने भागत नसेल, तर किमान सळईच्या लांबीइतके अंतर सोडून दोन-तीन सळया ठोकतात आणि तांब्याच्या पट्टीने जोडतात. मीठ-कोळशाचा खड्डा ही जुनी रीत. मात्र मीठ पाण्याबरोबर वाहून जाते आणि धातूही खाते. ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती त्यापेक्षा टिकाऊ. अर्थ टेस्टरने (अर्थिंगचा रोध मोजणारे उपकरण) ऑगस्टमध्ये घेतलेल्या मापावर समाधान मानू नये, मे महिन्यातले माप खरे. खांब, पेटी, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक झटक्यापासून बचाव करणारे साधन) आणि लॉगर (आकडे साठवणारे यंत्र) यांचे अर्थिंग एकाच ठिकाणी आणून जोडणे हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम. दोन वेगळी अर्थिंग ठेवली, तर जवळपास वीज पडताच त्यांच्या विद्युतदाबात मोठा फरक पडतो आणि त्यामुळे वाहणारा प्रवाह संवेदकाच्या (सेन्सरच्या) केबलमधून वाट काढत लॉगर जाळतो. पडलेली वीज जमिनीत नेणाऱ्या पट्टीला काटकोनी वळणही देऊ नये.

संवेदकाच्या केबलवरची धातूची जाळी फक्त लॉगरच्या टोकाला अर्थ करतात. दुसरे टोक कापून टेपने झाकतात. दोन्हीकडे जोडल्यास जाळीतूनच प्रवाह फिरतो आणि मापनात गोंगाट येतो. प्लॅटिनमच्या तापमापकाचा (पीटी-१००) रोध दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने बदलतो. म्हणजे दोनच तारांवर तो जोडला आणि तारांचा रोध १ ओहम भरला, तर तापमान अडीच अंशांहून अधिक चढलेले दिसते. म्हणून तारांचा रोध वजा करता यावा यासाठी तीन किंवा चार तारा वापरतात.

तार तुटल्याचे प्रत्येक उपकरण सांगतेच असे नाही. ४ ते २० मिलिअँपिअरच्या संवेदकात सर्वांत कमी मापालाही ४ मिलिअँपिअर प्रवाह असतो, त्यामुळे तो शून्यावर आला की बिघाड लगेच कळतो. पर्जन्यमापकाचे तसे नाही. त्यातली छोटी पात्रे भरून कलली की चुंबकी स्विच एक ठोका देतो. उंदराने तार कुरतडली तरी लॉगरला ‘शून्य मिलिमीटर’ दिसते, आणि कोरड्या दिवशीही तेच दिसते. पर्जन्यमापकाची केबल लोखंडी पाइपातूनच नेली पाहिजे, हा आग्रह म्हणूनच. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झोल ठेवतात. पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते, ग्लँडपर्यंत (केबल पेटीत शिरते तिथल्या घट्ट बुचापर्यंत) पोहोचत नाही.

काम संपल्यावर पर्जन्यमापकाची चाचणी घेतात. तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आणि एका ठोक्याला ०.२ मिलिमीटर असेल, तर ४०० मिलिलिटर पाणी सावकाश ओतल्यावर सुमारे १०० ठोके, म्हणजे २० मिलिमीटर दिसायला हवेत. चाचणीची वेळ नोंदवहीत लिहून ते आकडे वगळावे लागतात. नाहीतर त्या मंडळात त्या दिवशी २० मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद कायम राहते.