स्काऊटमास्टर किंवा गाईड कॅप्टन व्हायचंय? शिक्षक नसलात तरी चालेल

मुलं स्काऊट-गाईडमध्ये जायला लागली की काही पालक हळूच विचारतात, ‘आम्हाला काही करता येईल का?’ नक्की येईल. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही १९५० साली स्थापन झालेली संघटना प्रौढ स्वयंसेवकांच्या बळावरच उभी आहे. शाळेच्या पथकाची जबाबदारी बहुधा शिक्षकांकडे असते. वस्तीतल्या, सोसायटीतल्या खुल्या पथकात मात्र पालक, निवृत्त फौजी, जुने रोव्हर-रेंजर (म्हणजे कॉलेजच्या वयातले स्काऊट-गाईड) असे कुणीही पुढे येऊ शकतात. मानधन नसतं, वेळ मात्र भरपूर जातो.

आधी पद ठरवा, कारण प्रशिक्षण पदानुसार वेगळं असतं. प्राथमिक वयाच्या मुलांसाठी कबमास्टर, मुलींसाठी फ्लॉक लीडर. मोठ्या मुलांसाठी स्काऊटमास्टर, मुलींसाठी गाईड कॅप्टन. कॉलेजच्या वयासाठी रोव्हर आणि रेंजर लीडर. गाईड विभागात नेतृत्व महिलांकडेच असतं, आणि कबची जबाबदारीही महिला घेऊ शकतात. वयाची १८ वर्षं पूर्ण हवीतच. काही पदांना त्याहून जास्त वय लागतं, ते अर्जाआधी विचारून घ्या.

अर्ज पथकामार्फत जिल्हा संस्थेकडे जातो. तिथे जिल्हा संघटकांना भेटा. स्काऊट आणि गाईड विभागांचे संघटक वेगवेगळे असतात. जाताना आधार कार्ड, जन्मतारखेचा आणि शिक्षणाचा पुरावा, फोटो आणि मुख्याध्यापकांचं किंवा, खुलं पथक असेल तर, ते चालवणाऱ्या गट समितीचं शिफारसपत्र घेऊन जा.

पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही काढून ठेवा, कुणी मागो न मागो. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. ‘आमच्यावर संशय घेता का?’ म्हणून काहीजण रागावतात. पण आई-बाप आपलं लेकरू शिबिरात रात्री तुमच्या भरवशावर सोडतात, त्यामुळे हा कागद त्यांच्यासाठी आहे. याच कारणाने शिबिरात किमान दोन प्रौढ हवेत आणि एकट्या मुलासोबत एकट्या प्रौढाने तंबूत किंवा बंद खोलीत थांबायचं नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आपसात मिटवू’ हा पर्यायच नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ पाठ असू द्या.

यानंतर येतो बेसिक कोर्स, सात दिवसांचा आणि निवासी. गणवेश घालून, तंबूत राहून तुम्हीच आठवडाभर स्काऊट होता: गाठी, प्रथमोपचार, शेकोटी आणि मुख्य म्हणजे संघपद्धती. सहा-आठ मुलांचा संघ आपल्या संघनायकाच्या मागे स्वतः काम करतो आणि मोठ्यांनी हात मागे ठेवायचा, हे शिकायला सात दिवसही कमीच पडतात. कोर्सनंतर जिल्ह्याच्या शिफारशीने वॉरंट, म्हणजे पदाचं अधिकृत नियुक्तिपत्र, मिळतं. पुढे अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स आणि हिमालय वुड बॅज हे प्रशिक्षणाचे वरचे टप्पे आहेत, पण त्यांची घाई नको.

पथकाची वार्षिक नोंदणी विसरू नका. स्काऊट पथकात ३२ आणि कबमध्ये २४ मुलं ही मर्यादा आहे. त्याहून जास्त मुलं आली तर दुसरं पथक, दुसरा प्रमुख.

सुरुवात एका फोनने करा. जिल्हा कार्यालयात पुढच्या बेसिक कोर्सच्या तारखा विचारा आणि त्याप्रमाणे रजा टाका.