ऑस्ट्रेलियन लोकल गव्हर्न्मेंट असोसिएशन (अल्गा)

ऑस्ट्रेलियातील शहर परिषदा, उपनगरी परिषदा आणि ग्रामीण भागातील 'शायर' नावाच्या परिषदा यांची गाऱ्हाणी केंद्र सरकारपुढे मांडणारी राष्ट्रीय संघटना. बोलताना सगळे तिला 'अल्गा' म्हणतात. स्थापना 1947. मुख्य कचेरी कॅनबेरा येथे आहे. गंमत अशी, की या कॅनबेराला स्वतःची नगर परिषदच नाही. तिथला कचराही प्रदेश सरकारच उचलते.

अल्गा हा संघांचा संघ आहे. एखादी परिषद तिची थेट सभासद नसते. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, साउथ ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि नॉर्दर्न टेरिटरी येथील परिषदांच्या आपापल्या संघटना आहेत आणि त्या मिळून अल्गा चालवतात. राज्य सरकारशी भांडायचे काम राज्य संघटनेचे, केंद्राशी भांडायचे काम अल्गाचे, अशी वाटणी आहे. देशात एकूण 537 परिषदा आहेत आणि त्यांच्यात साम्य शोधायला बसले तर फारसे सापडत नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील ईस्ट पिलबारा हा शायर क्षेत्रफळाने अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा आहे, पण त्याची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. त्याच राज्यात पर्थ शहराला लागून पेपरमिंट ग्रोव्ह नावाचा शायर आहे. तो सव्वा चौरस किलोमीटरही भरत नाही. सकाळच्या फेरफटक्यात पूर्ण होतो. ब्रिस्बेनची परिषद बारा लाखांहून अधिक लोकांचा कारभार पाहते. या सगळ्यांच्या वतीने एकच मागणीपत्रक तयार करायचे म्हटल्यावर त्यात काय उरेल? उरतो तो पैसा. अल्गाच्या सगळ्या पाठपुराव्याचा कणा तोच आहे.

घटनेत नसलेला शब्द

ऑस्ट्रेलियाची राज्यघटना 1901 साली अमलात आली. ॲडलेडला 1840 मध्ये, सिडनी आणि मेलबर्नला 1842 मध्ये परिषदा मिळाल्या होत्या. तरीही घटनेत स्थानिक शासनाचा उल्लेख नाही. परिषदा ही राज्यांच्या कायद्यांची अपत्ये आहेत. राज्य सरकार त्यांना बरखास्त करू शकते, एकमेकींत विलीन करू शकते, घरपट्टीवर मर्यादा घालू शकते. न्यू साउथ वेल्समध्ये अशी मर्यादा 1977 पासून आहे, व्हिक्टोरियात 2016 पासून.

हा उल्लेख घटनेत आणण्याचे तीन प्रयत्न झाले. केंद्राला परिषदांसाठी कर्ज काढता यावे आणि त्यांना थेट पैसे देता यावेत म्हणून 1974 मध्ये सार्वमत घेतले गेले. ते फक्त न्यू साउथ वेल्समध्ये जिंकले. 1988 मध्ये नुसत्या मान्यतेचा प्रश्न विचारला, तेव्हा होकारार्थी मते जेमतेम एक तृतीयांश पडली आणि एकाही राज्यात बहुमत मिळाले नाही. घटनादुरुस्तीला देशभरातले बहुमत आणि शिवाय बहुसंख्य राज्यांतले बहुमत, अशी दुहेरी अट असल्याने तिथे सार्वमत जिंकणे मुळातच दुर्मीळ. तिसरा प्रयत्न 2013 चा. त्यामागे एक न्यायालयीन निकाल होता. 2009 मध्ये पेप खटल्यात उच्च न्यायालयाने (हे तिथले सर्वोच्च न्यायालय) केंद्राच्या खर्च करण्याच्या अधिकारालाच मर्यादा आहेत असे म्हटले. मग केंद्राने राज्यांना वगळून परिषदांना दिलेला पैसा कायद्यात बसतो का, ही शंका उभी राहिली. केंद्राने राज्यांना पैसे देण्याबाबतच्या कलम 96 मध्ये परिषदांचा उल्लेख घालून ती मिटवायची, असा बेत होता. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, सार्वमतासाठी 14 सप्टेंबर 2013 ही तारीख ठरली, प्रचाराचे पैसेही वाटले गेले. पण मध्येच पंतप्रधान बदलले, निवडणूक 7 सप्टेंबरला घेण्याचे ठरले आणि सार्वमत बारगळले. संघटनेने कित्येक वर्षे रेटलेला विषय तारखांच्या घोळात गेला. तेव्हापासून अल्गाने घटनेचा मुद्दा सोडलेला नसला, तरी जोर पैशांवर आला आहे.

मराठी वाचकाला इथे थोडे थबकावेसे वाटेल. आपल्याकडे 1992 च्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सगळ्यांना घटनेत जागा दिली, राज्य वित्त आयोग दिला, पाच वर्षांनी निवडणूक दिली. अल्गाला जे अजून मिळालेले नाही, ते आपल्या पंचायतींना तीस वर्षांपूर्वी मिळाले. पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर तिथे दीर्घकाळ प्रशासकच होता, हेही आपण पाहिले आहे. उलट ऑस्ट्रेलियात घटनेत नाव नसलेल्या परिषदांच्या निवडणुका सहसा ठरल्या वेळी होतात.

एका टक्क्याची लढाई

केंद्राकडून परिषदांना मिळणाऱ्या मुख्य पैशाला 'फायनान्शियल असिस्टन्स ग्रँट्स' म्हणतात. ही पद्धत 1974-75 पासून सुरू आहे आणि सध्या ती 1995 च्या कायद्यानुसार चालते. पैसा राज्यांच्या हातून जातो, पण राज्यांनी तो ठेवून घ्यायचा नसतो. प्रत्येक राज्यातला अनुदान आयोग सूत्र लावून वाटतो. त्याचे दोन भाग आहेत, एक सर्वसाधारण कामांसाठी आणि एक स्थानिक रस्त्यांसाठी. दोन्ही अबंधित. म्हणजे रस्त्याच्या नावाने आलेला पैसा परिषदेने वाचनालयावर खर्च केला तरी कोणी जाब विचारत नाही. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित किती आणि अबंधित किती याचा हिशेब तोंडपाठ असलेल्या आपल्याकडच्या सरपंचाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

अडचण आकड्याची आहे. 1996 च्या सुमारास ही अनुदाने केंद्राच्या कर-उत्पन्नाच्या जवळपास 1 टक्का होती. आता ती साधारण अर्ध्या टक्क्यावर आली आहेत. कोणी एका दिवसात कापली नाहीत. अनुदान दरवर्षी लोकसंख्या आणि महागाईच्या प्रमाणात वाढते, तर केंद्राचे कर-उत्पन्न अर्थव्यवस्थेबरोबर त्याहून भरभर वाढते. त्यामुळे रक्कम फुगत जाते आणि वाटा झिजत जातो. त्यात 2014 च्या अर्थसंकल्पाने तीन वर्षे ही वाढही गोठवली. त्यातून केंद्राचे सुमारे 92 कोटी 50 लाख डॉलर वाचले. वाढ नंतर सुरू झाली, पण ती खाली गेलेल्या पायावरून. 'किमान 1 टक्का परत द्या' ही अल्गाची मागणी तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीच्या जाहीरनाम्यात येते. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, उत्तर साधारण तेच असते: विचार करू.

याच अनुदानाचा एक उपद्रव बाहेरच्यांना दिसत नाही. पुढच्या वर्षाच्या अनुदानाचा मोठा हिस्सा केंद्र अनेकदा जूनमध्येच आगाऊ देते. 2023-24 चे अनुदान तर जवळजवळ सगळेच आधीच्या जूनमध्ये देऊन टाकले. तिथले आर्थिक वर्ष 30 जूनला संपते. त्यामुळे ताळेबंदात परिषद एका वर्षी श्रीमंत दिसते आणि पुढच्या वर्षी तुटीत. पैसा तेवढाच असतो. तरी लेखापरीक्षकाच्या अहवालातला लाल आकडा स्थानिक वर्तमानपत्रात छापून येतो आणि नगराध्यक्षाला खुलासे करत बसावे लागते.

रस्ते, पूल, पूर

परिषदांच्या कामाबद्दल तिथे 'रोड्स, रेट्स अँड रबिश' असा वाक्प्रचार आहे. रस्ते, घरपट्टी आणि कचरा. यातले रस्त्यांचे ओझे सर्वांत जड. देशातल्या एकूण रस्त्यांपैकी लांबीने सुमारे तीन चतुर्थांश रस्ते परिषदांच्या ताब्यात आहेत, आणि देशभर गोळा होणाऱ्या करांपैकी परिषदांच्या वाट्याला येतो तो जेमतेम साडेतीन टक्के. ग्रामीण भागात यातले बरेच रस्ते खडीचे. पाऊस पडून गेला की ग्रेडर (रस्ता सपाट करणारे यंत्र) फिरवायचा, पुन्हा पाऊस, पुन्हा ग्रेडर. त्यातून जुने लाकडी पूल. धान्याचा किंवा गुरांचा जोडट्रक महामार्गावरून बिनबोभाट धावतो आणि शेताच्या फाट्यावर वजनमर्यादेची पाटी लागलेल्या पुलापाशी अडतो, मग वळसा. मालवाहतुकीचा हा शेवटचा टप्पा अल्गाने वर्षानुवर्षे लावून धरला आहे.

याच आघाडीवर तिला सर्वांत ठोस यशही मिळाले. 2000 च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने 'रोड्स टु रिकव्हरी' योजना जाहीर केली. पहिल्या टप्प्यात 1.2 अब्ज डॉलर, आणि तेही थेट परिषदांना. योजना तात्पुरती म्हणून आली आणि आजतागायत चालू आहे. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये तिची वार्षिक रक्कम टप्प्याटप्प्याने 50 कोटींवरून 1 अब्ज डॉलरपर्यंत नेण्याची घोषणा झाली. उलट 2020 मध्ये कोविडच्या काळात आलेली स्थानिक रस्ते व सार्वजनिक सुविधांची योजना वाढत वाढत 3.25 अब्जांवर गेली आणि मग गुंडाळली गेली. परिषदांना ती फार आवडली होती, कारण क्रीडांगणाचे प्रसाधनगृह असो की पदपथ, कामाची निवड त्यांची त्यांनी करायची होती.

पुराबाबतची तक्रार तर कोकणातल्या माणसालाही ओळखीची वाटेल. वाहून गेलेला रस्ता 'होता तसा' बांधायला पैसे मिळतात. उंच किंवा मजबूत बांधायचा असेल तर वरचा खर्च परिषदेचा. म्हणजे पुढच्या पुरात तोच रस्ता पुन्हा वाहून जाण्याची सोय झाली. क्वीन्सलँडमध्ये 2013 च्या पुरानंतर 8 कोटी डॉलरचा वेगळा निधी काढून बांधकामे सुधारून उभारली गेली आणि पुढच्या आपत्तींत त्यातली बरीच टिकली. हेच देशभर नियम म्हणून करा, असे अल्गा म्हणते.

टेबलापाशी खुर्ची

1992 पासून पंतप्रधान आणि राज्यांचे मुख्यमंत्री 'कोॲग' या मंडळात भेटत, आणि अल्गाच्या अध्यक्षाला तिथे सभासद म्हणून जागा होती. कोविडच्या धामधुमीत, 2020 मध्ये, कोॲग मोडून 'नॅशनल कॅबिनेट' आले आणि त्यात परिषदांची खुर्ची गेली. आता वर्षातून एकदा निरीक्षक म्हणून बोलावणे येते. राष्ट्रीय गृहनिर्माण करारावर सही करायला मात्र अल्गा लागते. पाच वर्षांत 12 लाख घरे बांधायची तर बांधकाम परवानगी, गटारे, पाण्याच्या नळजोडण्या हे सगळे परिषदांच्याच दारात येते. आदिवासी समाजाच्या विषमतेबाबतच्या 2020 च्या राष्ट्रीय करारातही ती सहीदार आहे.

दर वर्षी, सहसा जूनमध्ये, कॅनबेरात परिषदांची राष्ट्रीय सर्वसाधारण सभा भरते. पहिली 1994 मध्ये झाली. कोणतीही परिषद ठराव पाठवू शकते, अट एवढीच की विषय देशपातळीचा हवा. आपल्या गावातल्या एका वळणाबद्दलचा ठराव चाळणीतच गळतो. मतदानात एका परिषदेला एकच मत. बारा लाखांचे ब्रिस्बेन आणि पेपरमिंट ग्रोव्ह इथे सारखेच. संमत झालेला ठराव आपोआप अल्गाचे धोरण होत नाही. तो कार्यकारी मंडळापुढे जातो, आणि तिथे मान्य झाला नाही तर तिथेच राहतो. छोट्या परिषदांची यावर नाराजी असते, आणि ती वावगी नाही.

परिषदांच्या आर्थिक टिकाऊपणाची चौकशी 2024 मध्ये संसदेच्या समितीकडे आली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये अंतरिम अहवाल निघाला. मे 2025 च्या निवडणुकीपूर्वी अल्गाने वर्षाला एकूण 3.5 अब्ज डॉलरची मागणी मांडली: घरांसाठी लागणाऱ्या पायाभूत सोयींना 1.1 अब्ज, आपत्ती व्यवस्थापनाला 90 कोटी, सुरक्षित रस्त्यांना 60 कोटी, सार्वजनिक सुविधांना 50 कोटी, हवामान बदलाशी जुळवून घेण्याला 40 कोटी. त्यातला कळीचा शब्द होता 'सूत्रानुसार', म्हणजे पैसा अर्जांच्या स्पर्धेतून नव्हे, ठरलेल्या सूत्राने वाटायचा. स्पर्धेने मिळणाऱ्या अनुदानासाठी आराखडे, अंदाजपत्रके आणि लाभ-खर्चाचे तक्ते जोडून अर्ज भरावा लागतो. मोठ्या शहराकडे त्यासाठी वेगळा विभाग असतो. दूरच्या शायरमध्ये तो अर्ज जो अभियंता भरतो, तोच त्या आठवड्यात ग्रेडर कुठे पाठवायचा हेही ठरवत असतो.